क्योतो-इत्चीचा अर्थ मला नीट माहीत होता

आमच्या गावच्या मुस्लिम जमातीने यंदा एक स्मरणिका काढली. पोटासाठी दर्यापार गेलेल्या गावकऱ्यांच्या हकिगती तिच्यात आहेत. कुवेतच्या पानांवर माझ्याबद्दल एक वाक्य आहे. जपान्यांचा बर्फखाना बंद पडला, कारण 'दुभाषी इस्माईलभाई यांच्याकडून अनवधानाने एका शब्दाचा अर्थ चुकला'. पुढे असंही आहे की गावाने मोठ्या मनाने ती चूक पोटात घातली. लिहिणारा मुलगा भला आहे. मला वाईट वाटू नये म्हणूनच त्याने 'अनवधानाने' घातलं असणार.

अनवधान वगैरे काही झालं नव्हतं. शब्द होता 'क्योतो-इत्ची'. त्याचा अर्थ मला तेव्हाही नीट माहीत होता, आजही आहे. मी तो दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत, विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगितला. त्यामुळे माझ्याच गावच्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्याचं ओझं माझ्यावर आहे आणि ते उचलायला मी कुणाला हात लावू देणार नाही. पण ते माझ्या नावावर चूक म्हणून मांडलेलं मला चालणार नाही. तुमच्या हातातल्या या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कुवेतच्या गमती मागितल्या होत्या. एखाददुसरी गंमत येईल ओघात. मी लिहायला बसलो आहे ते या वाक्यासाठी.

कोकणातल्या माणसाला जपानी कसं येतं, हे आधी सांगायला हवं. मी बोटीवर खलाशी होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी जपानच्या कोबे बंदरात मालाच्या कोठारात पडून माझा पाय मोडला आणि बोट मला इस्पितळात ठेवून निघून गेली. पाय जुळेपर्यंत दुसरी बोट मिळेना. तिथल्या एका सिंधी कापडवाल्या शेठने पेढीवर ठेवून घेतलं, आणि मग लढाई लागली तसा अडकलोच. सगळी लढाई तिथे काढली.

पेढीच्या मागच्या गल्लीत हायाशी नावाचा म्हातारा राहायचा. तो पूर्वी एका राजकीय पक्षाच्या जिल्हा कचेरीत कारकून होता. खुर्च्या मांडण्यापासून पुढाऱ्यांची भाषणं उतरवून घेण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे. पक्ष राहिला नव्हता, कचेरी राहिली नव्हती, म्हातारा राहिला होता. मी त्याचं पाणी भरायचो आणि तो मला वर्तमानपत्र वाचायला शिकवायचा. त्यामुळे माझं जपानी विचित्र झालं. बाजारात मुळा मागताना मी अडखळायचो, पण पक्षात फूट पडत चालली की कोणत्या पायरीवर कोणता शब्द छापतात हे मला तोंडपाठ होतं.

हायाशीचं म्हणणं, पक्षातल्या एकीसाठी त्यांच्याकडे शब्दांची उतरंड आहे आणि ती खालून वर वाचायची असते. सगळं ठीक असतं तेव्हा एकीबद्दल कुणी काही लिहीतच नाही. भाऊ-भाऊ नीट राहत असले तर दारावर तशी पाटी कोण लावतो? पहिली कुरबूर झाली की छापून येतं 'हानाशिआइ', म्हणजे आपसातली बोलणी. जपानी पक्षात टोळ्या असतात, त्यांना 'हाबात्सु' म्हणतात. प्रत्येक टोळीचा एक म्हातारा आणि त्याची जेवायची ठरलेली जागा. टोळ्या पंगतीला एकत्र बसेनाशा झाल्या की शब्द येतो 'यूवा', विरघळून एक होणं. त्याच्या वर 'केस्सोकु', मोळीसारखं आवळून बांधणं. मोळी सुटायला लागल्याशिवाय कुणी ती आवळत नाही. 'इचिमाइवा' म्हणजे एकसंध कातळ, पण तो शब्द बहुतेक वेळा नकारासकटच दिसतो, आमचा पक्ष काही कातळ नाही, असं कुणीतरी खेदाने सांगत असतो. 'दानकेत्सु' हा मोर्चातला, कामगारांचा शब्द. टोळ्यांचे म्हातारे तो तोंडात धरत नाहीत. आणि सगळ्यात वरच्या मडक्यावर 'क्योतो-इत्ची'. सारा पक्ष एकमुखाने उभा. हा शब्द खुर्चीत बसलेला माणूस वापरतो, खुर्ची हलायला लागली म्हणजे. एवढं होऊन खुर्ची गेली, दुसरा आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, की मागे जे राहतं त्याला 'शिकोरी' म्हणतात. शिकोरी म्हणजे कातडीखाली राहिलेली गाठ.

हायाशीने कचेरीच्या भिंतीवर एकीचे असले मोठे अक्षरांतले कागद स्वतः खळ लावून चिकटवले होते. पुढे थोड्याच दिवसांत त्याचा पक्ष विसर्जित झाला. दुसरे पक्षही झाले. सगळे एकाच संघटनेत गेले. म्हातारा म्हणाला, "त्या दिवशी पहिल्यांदा खरी एकी झाली. भांडायला कुणी उरलंच नाही." हे त्याने मला अगदी हळू सांगितलं, कारण भिंतीपलीकडे कोण ऐकत असेल ते तेव्हा सांगता येत नसे.

लढाई संपल्यावर मी गावी आलो, आणि पन्नासच्या सुमारास इतरांच्या मागोमाग कुवेतला गेलो. तेव्हाचं कुवेत आजच्या माणसाला ओळखू येणार नाही. मातीच्या भिंतींची घरं, बंदरात गलबतांची गर्दी, आणि बाजारात आपलाच रुपया चालायचा. जुन्या व्यापाऱ्यांची हयात मुंबईला येण्याजाण्यात गेलेली, त्यामुळे हिंदी सगळ्यांना यायची, ती पण भेंडीबाजारची. मी एका कापडाच्या दुकानात गज घेऊन उभा असायचो. एकदा दोन जपानी गिऱ्हाईकं आली आणि भावावरून आपसात कुजबुजू लागली. एक म्हणाला, हा काळा माणूस अर्ध्यावर येईल, तू तोंड पाडून उभा राहा. मी त्यांना जपानीत सांगितलं की तोंड पाडायला बाहेर सावली आहे, इथे भाव एकच. त्या दोघांनी इतक्या वेळा वाकून माफी मागितली की मालकाला वाटलं, मी त्यांना मारलं. तिथून माझा धंदा सुरू झाला.

दुभाष्याच्या कामाबद्दल लोकांची समजूत अशी की दोन भाषा आल्या म्हणजे झालं. खरं काम आहे स्वतःला घरी ठेवून येण्याचं. दुभाषा 'मी' म्हणतो तेव्हा तो मी नसतो. व्यापारी रागावला तर रागावून सांगायचं, त्याने लोणी लावलं तर तितकंच लावायचं, एक बोट जास्त नाही. दोघांच्या अर्धं पाऊल मागे बसायचं. पुढ्यातली कॉफी प्यायची नाही, कारण तोंड कधी लागेल सांगता येत नाही. सगळ्यात अवघड, जे ऐकलं ते पटलं की नाही हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. कुणी विचारलंच की "तुला काय वाटतं?" तर ठरलेलं उत्तर असे, ते त्यांनाच विचारा.

कधी कधी माझी गरजच नसायची. एक जपानी कप्तान आणि एक अरब नाखवा, दोघांना मासे कुठे सापडतात यावर बोलायचं होतं. मी मध्ये बसलो. पण पाच मिनिटांत ते दोघे वाळूवर बोटांनी वारा, प्रवाह आणि खोली काढायला लागले. तासभर माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. उठताना नाखवा मला म्हणाला, तुझी मजुरी घे, चांगलं बोललास.

आता बर्फखान्याकडे येतो. अबू खालिद हा बंदरावरचा मोठा व्यापारी. वडिलांची गलबतं आणि बाजारातली जागा त्याच्याकडे होती. एका जपानी मासेमारी कंपनीने त्याच्याशी भागीदारीचं बोलणं लावलं. आखातातली कोलंबी पकडायची, गोठवायची आणि जपानला न्यायची. अरबीत तिला रुबियान म्हणतात, जपानीत एबी, आणि तिन्ही भाषांतल्या माणसांना ती सारखीच आवडते, त्यामुळे बोलणं गोडीत चाललं होतं. मंगफच्या किनाऱ्यावर मोठं शीतगृह बांधायचं ठरत होतं. मंगफ म्हणजे तेव्हा खजुराच्या बागा आणि मच्छीमारांची चार घरं.

चाचणी म्हणून बंदराजवळ एक छोटा बर्फखाना आधीच सुरू केला होता. त्यात सगळी माणसं आमच्या गावची. बाहेर अंगाची लाही, आत बर्फ, म्हणून ते लोक लोकरी टोपी घालून, कमरेला गोणपाट बांधून काम करायचे आणि बाहेर आले की वाटसरू त्यांना वेडे समजून वाट सोडायचे. त्यांचे मुकादम दाऊदमामू. रक्ताचे मामा नव्हेत, गावच्या नात्याने. कोलंबी हातात घेऊन ती कोणत्या पाण्यातली हे सांगायचे. पुढे शीतगृह झालं की त्याची देखरेख त्यांच्याकडे जाणार होती, आणि गावातले आणखी कितीतरी जण येणार होते. दर शुक्रवारी आम्ही सगळे खोलीवर एकत्र जेवायचो, आणि कंपनीचे तिथले मॅनेजर मोरिता-सानही कधीकधी आमच्यात मांडी घालून बसायचे. मामूंच्या हातचं तिखट कालवण खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण भांडं खाली ठेवायचे नाहीत. मोरिता-सान वाईट माणूस होता असं या लेखातून कुणी वाचू नये.

अडचण पैशाच्या बाजूची होती. शीतगृहाचं अर्धं भांडवल अबू खालिदने द्यायचं, त्यासाठी तो गलबतं आणि जागा गहाण टाकणार होता. उरलेलं टोकियोतल्या सरकारी कर्जातून यायचं. ते कर्ज देण्याचं वचन एका मंत्र्याचं होतं आणि तो मंत्री पंतप्रधानांच्या टोळीतला. साठ सालच्या त्या उन्हाळ्यात टोकियोत रस्त्यांवर दंगे चालले होते आणि पंतप्रधानांच्या स्वतःच्या पक्षात धुसफूस होती. वचन टिकणार की नाही, एवढाच प्रश्न होता. टिकलं नाही तर कंपनी हात वर करून निघून जाऊ शकत होती, आणि अबू खालिदच्या वडिलांची गलबतं सावकाराकडे गेली असती.

अबू खालिद धूर्त होता. कंपनीच्या तारांवर त्याचा विश्वास नव्हता. टोकियोची वर्तमानपत्रं विमानाने आठवड्याच्या अंतराने यायची, ती तो माझ्याकडून वाचून घ्यायचा. मथळे फक्त. मी वाचायचो, अर्थ सांगायचो, गप्प बसायचो. आधी 'हानाशिआइ' आलं. मग 'यूवा'. मग 'केस्सोकु'. मी प्रत्येक वेळी बरोबर भाषांतर केलं: बोलणी चालली आहेत, मनं जुळत आहेत, मोळी बांधली आहे. अबू खालिद मान हलवायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, दिवसेंदिवस सुधारतंय. मी मात्र मनात हायाशीच्या उतरंडीतली मडकी मोजत होतो.

मग तो अंक आला. पहिल्या पानावर, आडव्या जाड अक्षरांत, क्योतो-इत्ची.

मोरिता-सान स्वतः तो घेऊन अबू खालिदच्या दिवाणियात आले. दिवाणिया म्हणजे पुरुषांची बैठक, घराला लागून असलेलं दालन. करार दोन दिवसांवर होता. त्यांनी कागद माझ्यापुढे पसरला आणि मथळ्यावर बोट ठेवून म्हणाले, यांना सांग, सारा पक्ष एक आहे, मंत्र्यांचं वचन पक्कं आहे. मी शब्दाला शब्द सांगितलं. अबू खालिदने रिकामा पेला हलवून कॉफीवाल्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळला.

"ये इसने कहा. अब तू बोल. अखबार तू पढ़ता है."

ठरलेलं उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते त्यांनाच विचारा. तेवढं म्हटलं असतं तर मी माझ्या धंद्याला जागलो असतो, करार झाला असता, आणि जे व्हायचं ते झालं असतं. मला त्या क्षणी दाऊदमामू आठवले नाहीत असं नाही. गोणपाट बांधलेले सगळे आठवले. पण समोर बसलेला माणूस वडिलांची गलबतं गहाण टाकायला निघाला होता, त्या शब्दावर, आणि त्या खोलीत तो शब्द वाचता येणारे आम्ही दोघेच होतो. मोरिता-सान सांगणार नव्हते. मला थोडी मिजासही होती, ती लपवत नाही. हायाशीने शिकवलेली विद्या इतकी वर्षं माझ्याजवळ पडून होती आणि कुणी कधी विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "सब ठीक होता है तब ये लफ्ज नहीं छपता. पहले बातचीत छपा, फिर मेल, फिर गठरी. अब ये. इसके ऊपर उनके पास कोई लफ्ज नहीं है."

"मतलब?"

"मतलब कुर्सी जाएगी."

"और वादा?"

"वादा कुर्सी का था."

मोरिता-सान विचारू लागले, इतका वेळ काय बोलतोस? मी त्यांना जपानीत सगळं सांगितलं, जसंच्या तसं, काही न गाळता. दुभाष्याने एका बाजूशी बोललेलं दुसऱ्या बाजूपासून लपवलं तर तो दलाल होतो. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली, पुन्हा उघडून पुन्हा घातली. बाहेर गाडीपाशी आल्यावर त्यांनी हे कुठे शिकलास म्हणून विचारलं. मी सांगितलं, कोबेत, पक्षाच्या कचेरीतल्या एका कारकुनाकडे. ते हसले. म्हणाले, मग तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं, पण हे घरातलं आहे, बाहेरच्यांना सांगायचं नसतं. मी म्हटलं, अबू खालिदचं घर यात जात होतं. ते गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक. मोरिता-सानांनी रात्रभर विचार केला असावा. त्यांच्याकडची रीत अशी की बिघडलेलं नीट करायचं असेल तर ते चुकीवर ढकलायचं. कुणी खोटं बोललं नाही, कुणी फसवलं नाही, केवळ समजण्यात गडबड झाली. म्हणजे सगळे पुन्हा एका चटईवर बसू शकतात, आणि ज्याची चूक त्यालाही कुणी फारसं बोलत नाही. त्यांनी अबू खालिदकडे पाहून शांतपणे बोलायला सुरुवात केली, आणि मला ते हिंदीत सांगावं लागलं. वाचकांनी डोळ्यांपुढे आणावं. मी अर्धं पाऊल मागे बसून, खणखणीत आवाजात सांगतोय की आमचा दुभाषा भला माणूस आहे, पण त्याचं जपानी बंदरावरचं आहे, राजकारणाचे शब्द त्याला कळत नाहीत, काल त्याची चूक झाली, त्याच्या वतीने मी माफी मागतो. एक शब्द सौम्य केला नाही. 'बंदरावरचं' याला मी नेमका तोच शब्द शोधला ज्यात तो तुच्छपणा होता. माझ्या सगळ्या हयातीत मी याहून चांगलं भाषांतर केलं नाही.

अबू खालिद ऐकत होता. मग म्हणाला, "ये तू बोल रहा है या वो?"

"वो."

"और तू?"

"मैं कल बोल चुका."

करार झाला नाही. अबू खालिदने सभ्यपणे कारण सांगितलं की यंदा गलबतांची डागडुजी काढली आहे. कंपनीने महिन्याभरात बर्फखान्याला कुलूप लावलं.

खोलीवर बातमी माझ्याआधी पोचली होती. मोरिता-सानांच्या ड्रायव्हरने बाहेर उभं राहून जे ऐकलं ते सांगितलं होतं: इस्माईलचं भाषांतर चुकलं. मी आत गेलो तेव्हा सगळे जेवायला बसले होते. मला वाटलं, आता बोलतील, कुणीतरी अंगावर येईल. मी तयार होतो, काय सांगायचं ते वाटेत जुळवून आलो होतो. दाऊदमामूंनी सरकून मला जागा केली, आपल्या हाताने माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाले, "चूक झयली तर झयली, मानसाकडनंच होते. मनाला लावून घेव नको. जेव." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणीतरी माझी थट्टाही केली, जपानी इस्माईल आता पुन्हा गज धरणार म्हणून, आणि सगळे हसले.

मी जेवलो. मी सांगू शकत होतो की मामू, चूक नाही झाली, मी समजून बोललो. तोंडात घास होता, तो गिळला, दुसरा घेतला. आयुष्यात मला शरम वाटावी असं मी एक केलं असेल तर ते हे जेवण. दिवाणियात बोललो ते नव्हे.

टोकियोत खुर्ची गेली. मी म्हटलं तशी, थोड्याच आठवड्यांत. नवा माणूस दुसऱ्या टोळीचा आला. मोरिता-सानांना परत बोलावलं. विमानतळावर मी त्यांना निरोप द्यायला गेलो. ते म्हणाले, आपल्यात शिकोरी राहू नये. मी म्हटलं, राहील, पण दुखणार नाही. ते बराच वेळ वाकून उभे राहिले.

आता जे लिहितो ते मला विरोधी पक्षाने विचारायच्या आधी मीच लिहितो. नव्या मंत्रिमंडळाने तेच कर्ज पुढच्या हंगामात मंजूर केलं. कंपनीने दुसरा भागीदार पकडला, शीतगृह उभं राहिलं, चाललंही. तिथे दुसरी माणसं लागली. म्हणजे मी शब्द बरोबर सांगितला, पुढचा घटनाक्रमही बरोबर सांगितला, आणि तरी अबू खालिदने सही केली असती तर कदाचित काही बुडालं नसतं. कदाचित वर्षभर लटकून बुडालंही असतं. मला माहीत नाही. ज्यांना नंतर कळलेल्या गोष्टींवरून आधीचं बोलणं तोलायचं आहे त्यांनी तोलावं. त्या दिवशी त्या कागदावर जे छापलं होतं त्याचा अर्थ तोच होता, आणि आज कुणी पुन्हा विचारलं तर मी तोच सांगेन.

माणसांचं काय झालं? तिथे राहायचे परवाने कंपनीच्या नावावर होते. तरुण होते त्यांना इकडेतिकडे कामं मिळाली. काही जण आगबोटीने घरी परतले. दाऊदमामूंना वयामुळे कुणी घेतलं नाही. ते गावी गेले ते पुन्हा कुवेतला आले नाहीत. आणि मला काय झालं? अबू खालिदने मला स्वतःच्या पेढीवर ठेवून घेतलं. चांगल्या पगारावर, पुढची कितीतरी वर्षं. मला घर बांधता आलं. गावात लोक म्हणायचे, अबू खालिदचं मन बघा, चुकलेल्या माणसालाही पदरी ठेवलं. मी हेही कधी खोडून काढलं नाही. अबू खालिदला मी का आवडलो होतो ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

रजेवर आलो की मी मामूंच्या ओट्यावर जाऊन बसायचो. ते धक्क्यावर लोकांची जाळी विणून द्यायचे. माझी, बायकोची, मुलांची चौकशी करायचे. कुवेतचा विषय कधी काढला नाही. मी तो त्यांचा मोठेपणा समजत होतो. काही वर्षांनी ते गेले. मी तेव्हा कुवेतला होतो.

मागच्या थंडीत मी त्यांच्या मुलीकडे, राबियाकडे गेलो. तीही आता आजी आहे. तिला सगळं सांगितलं, इथे लिहिलंय त्याच क्रमाने. ती तांदूळ निवडत होती. माझं संपेपर्यंत तिने सूप खाली ठेवलं नाही.

मग म्हणाली, "अब्बांना का नाय सांगितलंत?"

मी म्हटलं, त्यांनी मला माफ केलं होतं.

तिने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. माणसं कुवेतहून परत आल्यावर गावात माझ्या नावाने बोटं मोडणारे पुष्कळ होते. मामू प्रत्येकाशी भांडायचे. म्हणायचे, त्याला येत नव्हतं, अडाणी होता बिचारा, त्याच्यावर काय राग धरायचा. मशिदीच्या पायरीवर, धक्क्यावर, लग्नघरात, जिथे विषय निघेल तिथे. मी ओट्यावर येऊन बसलो की घरातल्यांना आधी बजावायचे, कुवेतचं बोलू नका, त्याला लाज वाटते. ज्या माणसाला कोलंबी बघून पाणी ओळखता येत होतं तो मरेपर्यंत मला एक अर्धवट पोर समजून सांभाळत राहिला.

"तुमी सांगितलं असतंत तर भांडले असते," राबिया म्हणाली. "शिव्या घातल्या असत्या. तुमी तुमचं बोलला असतात. कदाचित त्यांना पटलंही असतं, कोण जाणे. दोगांचं काय ते समोरासमोर झयला असता. तुमी त्यांना ते पण दिलं नाय."

मी म्हटलं की त्या दिवशी दिवाणियात जे बोललो त्यात मी एक अक्षर बदलणार नाही. मामू समोर असते तरी नाही.

"बदलू नका. कोण सांगतंय बदला म्हणून?" ती म्हणाली. "पण आता ऐका."

आणि तिने सुरुवात केली. बापाचं रिकामं परत येणं, आईने वर्षभर शेजारणींना टाळणं, तिचं स्वतःचं ठरलेलं लग्न लांबणं, माझ्या बायकोच्या हातातल्या बांगड्या प्रत्येक रजेला कशा वाढत गेल्या आणि तिच्या आईने त्या कशा पाहिल्या. काही खरं होतं, काही रागाचं होतं. जे पटलं नाही तिथे मी उलट बोललो. बांगड्यांवरून आमचं चांगलंच जुंपलं. तिची सून दारापर्यंत येऊन परत गेली. मी मान खाली घातली नाही आणि तिनेही आवाज खाली आणला नाही.

असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली तेव्हा ती थांबली. गुडघ्यांवर हात टेकून उठली, सूप बाजूला ठेवलं. मीही काठीकडे हात नेला.

"उठू नका," ती म्हणाली. "नमाज करून येतंय. माजा बोलून झयला नाय अजून."

मी बसून राहिलो.